‘सगळे आलो!’

ही रात्रीची गोष्ट नाही. सकाळी साडेदहाची आहे. म्हणूनच लोक हसतात.

हसा. पण यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटंच सांगायचं असतं, तर मी स्वतःला जरा तरी बरं दाखवलं असतं.

मी मासिया. स्पेनच्या मायोर्का बेटावर प्लंबरचं काम करतो. उत्तरेकडच्या डोंगरात आमचं गाव आहे. जिथे हे घडलं त्या खिंडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथून आजही रोज सायकली जातात.

सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दुसरा रविवार. खाली बदामाला फुलं आली होती आणि वर डोंगरात दाट धुकं होतं.

सायकलींवर आम्ही चौघं होतो. पुढे तोमेऊ खाटीक. मग जेरोनी गवंडी. मग मी. आणि सगळ्यात मागे नोफ्रेदाजी, माझ्या कोलोमाताईचा नवरा.

दाजी पोस्टात होते. अंगाने जाड, चष्माही जाड. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून ताईने त्यांना आमच्या गळ्यात बांधलं होतं.

“मासिया, त्यांना एकटं सोडू नकोस रे,” दर रविवारी ती दारातून सांगायची.

दर रविवारी आमचा रस्ता तोच. समुद्राच्या बाजूने खिंड चढायची, वरच्या हॉटेलात कॉफी प्यायची आणि दुसऱ्या बाजूने गावात उतरायचं.

“दाजी, सायकल चालवताय की फिरायला नेताय?” तोमेऊ वरून ओरडायचा.

“तुमची वाट बघून आमची दाढी वाढते!” जेरोनी भर घालायचा.

दाजी हसायचे. “आलोच हं,” म्हणायचे. त्यांना कधी राग आला नाही, म्हणून आम्हाला कधी लाज वाटली नाही.

धुक्यात पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून तोमेऊ ओरडून विचारायचा, “आले का सगळे?” मी मागे वळून बघायचं आणि उत्तर द्यायचं, “सगळे आलो!” मग तो वेग वाढवायचा.

त्या दिवशी माथा पाच वळणं उरला होता. मागून दाजींचा आवाज आला.

“मासिया... थांब जरा. छातीत कसंतरी होतंय.”

मी वळून पाहिलं. धुक्यात फक्त त्यांचा लाल टीशर्ट दिसत होता. ते सायकलवरून उतरले होते.

दर रविवारी काहीतरी असायचंच त्यांचं. कधी पाय, कधी पाठ.

वरून तोमेऊ ओरडला, “आले का सगळे?”

मला मस्करी सुचली.

“सगळे आलो!” मी ओरडलो. आणि जोरात निघालो.

वर आम्ही कॉफी मागवली. टोमॅटो चोळलेला पाव आला, सॉसेज आलं. टेबलावर माझा मोबाईल वाजला. दाजींचं नाव होतं.

“उचलू नको, मास्या,” तोमेऊ हसत म्हणाला. “रडतील.”

तो तीनदा वाजला.

मग वाजायचा थांबला.

अर्ध्या तासाने आम्ही खाली गेलो. माथ्यापासून पाचव्या वळणावर दगडी बांधाला टेकून दाजी बसले होते. सायकल नीट उभी करून ठेवलेली. चष्मा काढून हातात घेतलेला.

डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं तरी जिवंत होते.

ताईला मी सांगितलं, “दाजीच म्हणाले, तुम्ही पुढे व्हा.”

तिने त्यांचा मोबाईल बघितला. “तुला तीनदा लावला होता.”

“आवाज बंद होता गं.”

तिने विश्वास ठेवला. मला मटणाचा रस्सा वाढला आणि स्वतः उपाशी झोपली.

पुढच्या वर्षी आम्ही तिघं पुन्हा त्याच चढावर होतो. पुन्हा धुकं. त्या हाकेला ओ देणं मी सोडून दिलं होतं. आता शेवटी जेरोनी असायचा, तोच उत्तर द्यायचा.

पाचवं वळण मागे पडलं.

“आले का सगळे?” तोमेऊ ओरडला.

उत्तर नाही.

पाइनच्या झाडांवरून पाणी टपकत होतं... कुठेतरी मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली... आणि तीही थांबली.

“सगळे आलो!”

आवाज मागून आला.

तो जेरोनीचा आवाज नव्हता.

माझा होता.

माझं तोंड बंद होतं. दात घट्ट आवळलेले. आणि माझाच आवाज, तसाच मस्करीत हसणारा, मागच्या धुक्यातून आला होता.

तोमेऊने वेग वाढवला. मी जीव खाऊन त्याच्या मागे पळालो. मागे बघायची हिंमत झाली नाही.

वर पोचलो ते दोघंच.

जेरोनी पाचव्या वळणाच्या खाली, दरीच्या कपारीत सापडला. खुबा मोडला होता. वाचला, पण पुन्हा कधी बांधकामावर उभा राहिला नाही.

इस्पितळात त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोमेऊला म्हणाला, “मी हाका मारत होतो. थांबा, थांबा म्हणत होतो. आणि हा वरून ओरडला, सगळे आलो.”

“जेरोनी, आईशपथ, मी नव्हतो!”

“तुझा आवाज ओळखत नाही का मी?”

तोमेऊ खाली मान घालून म्हणाला, “मलाही तुझाच वाटला, मास्या.”

त्या दिवसापासून दोघं माझ्याशी बोलत नाहीत. सायकल मी विकून टाकली.

गेल्या वर्षी ताई म्हणाली, “मला एकदा ती जागा दाखव. पायी जाऊ.”

मी नाही म्हणू शकलो नाही.

खेचरांची जुनी फरसबंदी वाट वळणावळणाला रस्त्याला येऊन मिळते. त्याच वाटेने चढलो. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी ताईचा हात एक क्षणही सोडला नाही. बांधापाशी ती बसली. बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिली. मग पिशवीतून संत्रं काढून सोललं आणि अर्धं मला दिलं.

“खूप त्रास झाला असेल का रे त्यांना?”

माझ्या तोंडात संत्र्याची फोड होती. मी मानेनेच ‘नाही’ म्हटलं. ती माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात वारा पडला...

पक्षी गप्प झाले...

“सगळे आलो!”

खालच्या रिकाम्या रस्त्यावरून. भर उन्हात. माझा आवाज.

ताईने रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या भरल्या तोंडाकडे. पुन्हा रस्त्याकडे.

“हे तू ओरडला होतास?” तिने हळूच विचारलं. “त्या दिवशी?”

मला फोड गिळताही येईना, थुंकताही येईना. मी होकार दिला.

“आणि फोन?”

मी रडायला लागलो. तिला कळायचं ते कळलं.

ती रडली नाही. ओरडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, “म्हणजे त्यांना ते ऐकू गेलं असणार.”

मग हात सोडवून घेतला आणि मला एकट्याला खाली पाठवलं.

तेव्हापासून ती दर रविवारी तिथे जाते. एकटी. माझ्या घरी पाऊल टाकत नाही. पण दुपारी न चुकता फोन करते.

पहिल्यांदा म्हणाली, “भेटले. चालू लागलेत.”

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. डॉक्टरकडे नेऊ का, म्हणून विचारलं, तर फोन ठेवला.

दोन महिन्यांनी म्हणाली, “चौथ्या वळणावर आलेत. दम लागतो त्यांना. मी थांबते.”

पावसाळी नोव्हेंबरात... “तिसरं वळण झालं.”

नाताळानंतर... “एकच उरलंय.”

आवाजात राग नव्हता. पाहुण्याची तयारी करणाऱ्या बाईसारखी खुशीत बोलत होती.

काल रविवार होता. साडेबाराला फोन आला. मागे हॉटेलातल्या कपबश्यांचा आवाज येत होता.

“आम्ही वर पोचलो,” ती म्हणाली. “कॉफी पितोय.”

मी फोन कानाला घट्ट लावला. पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं.

“तुझी चौकशी करत होते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खिंडीतून गावात उतरलं की पहिलं घर माझं आहे. कालपासून मी दाराला कडी लावून बसलोय.

कारण चढावर दाजी कितीही मागे पडले, तरी उताराला त्यांच्या वजनाने सायकल अशी सुटायची की आम्हा तिघांत कुणालाही ते सापडत नसत.