नऊ नंबरचा नकाशा

ही गोष्ट खरी आहे.

शपथा घेत बसत नाही. मी घरांचे नकाशे काढतो. अर्ध्या इंचाची चूक झाली तरी मला झोप लागत नाही, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं आणि टेपने मोजलं तेवढंच सांगणार आहे. मीठमसाला लावायचा तर लावायला जागा भरपूर आहे, पण ती हिंमत माझ्यात नाही.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही सकाळी पावणेसातला घडली. लख्ख उजेडात. तळ्याकाठच्या मोकळ्या प्लॉटवर.

तो प्लॉट माझ्या ताईचा आणि भाऊजींचा. भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं. वीस वर्षं दोघं दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहिले. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. म्हणून हा प्लॉट घेतला. तीन बाजूंना झाडं आणि एका बाजूला पाणीच पाणी.

नकाशा अर्थातच मी काढायचा. घरचाच माणूस, मग काय! मी एकूण अकरा नकाशे काढले. त्यातले दोन उरले.

चार नंबर आणि नऊ नंबर.

चार नंबर भाऊजींचा. त्यात पाण्याच्या बाजूला मोठा हॉल, भिंतभर काच आणि स्वयंपाकघर मागे, रस्त्याकडे.

नऊ नंबर ताईचा. त्यात स्वयंपाकघर पाण्याच्या बाजूला आणि ओट्यासमोर रुंद खिडकी.

"पाहुणे आले की काय भांडी घासता घासता तळं बघणार?" भाऊजी म्हणायचे.

"पाहुणे वर्षातून चारदा येतात. मी दिवसभर कुठे उभी असते? लोकांना चष्मे लावतोस, तुला स्वतःला काही दिसत नाही."

"फूटपट्टी, तू सांग!" भाऊजी माझ्याकडे वळायचे. मला ते फूटपट्टीच म्हणत.

माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. मी म्हणायचो, दोन्ही छान आहेत. मग दोघंही माझ्यावर घसरायचे.

सहा महिने हे चाललं. सुरुवातीला गंमत होती. नंतर नंतर आवाज चढायला लागले.

एका रविवारी सकाळी ताई वैतागून म्हणाली, "बांध तुझा चार नंबर, आणि राहा त्यात एकटाच!"

भाऊजी तडक प्लॉटवर गेले. शेजारच्या प्लॉटवाल्याची वल्ह्याची होडी मागून घेतली आणि तळ्यात गेले. घर पाण्यातून कसं दिसेल ते बघायला.

दुपारी वारा सुटला.

होडी परत आली... रिकामी.

भाऊजी तिसऱ्या दिवशी सापडले.

त्यानंतर ताई सात महिने कुणाशी धड बोलली नाही. आमची आई तिच्याजवळ जाऊन राहिली. मग एक दिवस ताईचा फोन आला.

"चार नंबर बांधायचा."

"ताई, अगं तुला तो..."

"त्याला तोच हवा होता. मी त्याला एकटा राहा म्हणाले ना? आता त्याच्या घरात मी एकटी राहीन."

आईने समजावलं, मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. उरलेला जन्म न आवडणाऱ्या घरात काढायचा, ही शिक्षा तिने स्वतःच ठरवून घेतली होती. रस्त्याकडे तोंड करून रोज स्वयंपाक करायचा, आणि पाठीमागे ते पाणी.

मी मिस्त्रींना बोलावलं.

बांधकामात एक पद्धत असते. खोदाईच्या आधी जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने अख्खा नकाशा आखतात, अगदी खऱ्या मापाने. भिंत म्हणजे रेघ आणि दार म्हणजे रेघेतली फट. मालक त्यातून फिरून बघतो. आमचे मिस्त्री याबाबतीत फार कडक. कुणी रेघ ओलांडली की ओरडायचे, "अहो, भिंतीतून काय येताय? दार ठेवलंय की!"

संध्याकाळी चार नंबर आखून झाला. जमीन नव्या भरावाची, मऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींचा फोन. "साहेब, कोणीतरी आखणी तुडवलीय."

जाऊन पाहिलं.

ओली पावलं होती. अनवाणी, मोठ्या माणसाची.

पाण्यातून वर आलेली...

रेघा तीन ठिकाणी विस्कटल्या होत्या. पावलं भिंतींतून सरळ आरपार गेली होती.

"कुणीतरी आंघोळीला आला असेल," मी म्हणालो.

"असेल," मिस्त्री म्हणाले. "पण परत गेला कुठून?"

मी पुन्हा पाहिलं. आत जाणारी पावलं होती. बाहेर येणारं एकही नव्हतं.

मिस्त्रींनी जमीन सारखी केली आणि पुन्हा आखलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच पावलं. त्याच वाटेने, त्याच तीन ठिकाणी. कामावरचे दोघे त्या दिवशी न सांगताच घरी गेले. मिस्त्रींनी एकट्याने पुन्हा आखलं.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. पावणेसात वाजत होते. वारा नव्हता. एरवी त्या झाडांवर पक्ष्यांचा नुसता बाजार भरलेला असतो. त्या दिवशी एक पान हलत नव्हतं, एक पाखरू बोलत नव्हतं.

चप...

मी वळलो. कुणी नाही.

चप... चप...

ओल्या पायांनी फरशीवर चाललं की येतो ना, तो आवाज. आणि तिथे फरशी कुठे होती? नुसती माती होती.

त्या मातीत माझ्यादेखत एक पाऊल उमटलं.

मग दुसरं.

माझ्यापासून हाताच्या अंतरावरून ती गेली. थंडगार ओलसर वास आला. रेघेवरची फक्की जराशी उडाली... आणि पावलं भिंतीतून आत गेली. थोडी सरळ, मग उजवीकडे, मग पुन्हा थोडी सरळ.

मग थांबली.

तिथे माती दबत राहिली. जसं कुणी या पायावरचा भार त्या पायावर घेत बराच वेळ उभं असावं, पाण्याकडे तोंड करून.

एक लांब सुस्कारा ऐकू आला.

आणि झाडांवर एकदम गलका सुरू झाला.

घाबरला की माणूस देवाचं नाव घेतो. मी टेप काढला. दुसरं काही सुचेना. कडेपासून साडेतीन फुटांवर आत. सरळ अकरा फूट. उजवीकडे वळून सात फूट.

साडेतीन, अकरा, सात.

हे आकडे माझ्या हातचे होते.

मी धावत गाडीकडे गेलो, नकाशांची गुंडाळी काढली आणि नऊ नंबर जमिनीवर पसरला. बाजूचं दार कडेपासून साडेतीन फुटांवर. बोळ अकरा फुटांचा. उजवीकडे स्वयंपाकघर, दारापासून खिडकीपर्यंत सात फूट.

पावलं भिंतींतून गेलीच नव्हती. ती बरोबर दारांतून गेली होती. फक्त घर दुसरं होतं.

नऊ नंबर जमिनीवर कधीच आखला गेला नव्हता. मिस्त्रींनी तो पाहिलेलाही नव्हता. तो माहीत होता तिघांनाच. मला, ताईला आणि...

मी तिथेच मातीत बसून रडलो.

तासाभराने ताईला घेऊन आलो. काही समजावून सांगितलं नाही. नकाशा तिच्या हातात दिला आणि पावलं दाखवली. तिने एकदा कागद पाहिला, एकदा जमीन.

मग ती बाजूने गेली. रेघ नसलेल्या दारातून आत शिरली, पावलांच्या शेजारी शेजारी पाय टाकत. जिथे पावलं थांबली होती तिथे थांबली आणि पाण्याकडे बघत राहिली.

"इथून होडी दिसली असती रे," ती म्हणाली.

मग जी रडली! सात महिन्यांचं साठलेलं.

डोळे पुसून, एव्हाना कामावर आलेल्या मिस्त्रींना म्हणाली, "नऊ नंबर आखा."

चौथ्या दिवशी पावलं नव्हती. नंतरही कधी दिसली नाहीत. घर वर्षभरात उभं राहिलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

दोन महिन्यांपूर्वी मी ताईकडे गेलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. ती खिडकीसमोर चहा टाकत होती. तळं चकाकत होतं. मी मागे खुर्चीत बसलो होतो.

"एक विचारू? खरं सांगशील?" ती म्हणाली. "ती पावलं तूच उमटवली होतीस ना? माझी समजूत पटावी म्हणून?"

मला वाटलं, एकटी राहते, घाबरली असेल. क्षणभर वाटलं, हो म्हणावं.

"नाही ताई. मी नव्हतो."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"बरं झालं. कारण रोज सकाळी इथे ओट्याजवळ फरशी ओली असते. मीच पुसते. आईलाही बोलले नाही. म्हटलं, ती जर तुझी करामत असेल, तर मग हे कोण?" ती चक्क हसली. "जिवंतपणी तरी कधी पाय पुसून आत आलाय?"

तिने दिलेला कप मी खाली ठेवला. पण तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुललेला होता.

ती फडकं घेऊन वळली... आणि थबकली.

"अगंबाई. आज तिकडे?"

मी खाली पाहिलं.

माझ्या खुर्चीसमोर दोन ओली पावलं होती. अंगठे माझ्याकडे.

"आज तुझ्याकडे कशाला आला असेल रे?"

मला माहीत होतं कशाला.

पाण्याकाठी घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य ऐकवतो, 'एकदा पाण्यातून बघून या, सगळे वाद मिटतील.' त्या रविवारच्या आदल्या रात्री भाऊजींचा फोन आला होता. वैतागले होते. मी हसत हसत तेच वाक्य फेकलं. "फूटपट्टी, हे बेस्ट!" म्हणाले. "उद्याच जातो."

ताईला वाटतं, तिच्या बोलण्याने ते गेले. आजही वाटतं. तिला मी कधी सांगितलं नाही.

"काय रे, गप्प का?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिने फरशी पुसली. कोरडी ठक्क. फडकं पिळायला ती वळली... आणि माझ्या पायांसमोर तीच दोन पावलं पुन्हा ओली होत गेली.

मी चहा तसाच टाकून निघालो. तेव्हापासून तिकडे गेलेलो नाही.

ताईचा फोन येतो. काल आला होता. आवाज पुन्हा पूर्वीसारखा, खोल गेलेला.

"हल्ली तो ओट्याजवळ येतच नाही रे," ती म्हणाली. "रोज त्या खुर्चीसमोरच असतो. खुर्ची रिकामी असते, तरीही. माझं काही चुकलं का? तू ये ना एकदा."

येतो म्हणालो आहे.