अंगठा हलला

विद्यापीठाच्या मैदानातून ती छातीशी फाइल धरून चालली होती, आणि अचानक डोक्यावर मोहोळ उठल्यासारखी घरघर... ती मटकन खालीच बसली, फाइल डोक्यावर धरून.

“अहो, घाबरू नका! उतरवतोय— उतरवला!” एक तरुण हातात रिमोट घेऊन धावत आला. “लागलं का कुठे?”

“छे! मी... मी फाइल शोधत होते.”

“डोक्यावर?”

फाइलवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘ड्रोन आणि माणसाची भीती’. त्याने ते वाचलं, आणि शहाण्यासारखा ड्रोन उचलून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक मॅडमनी प्रयोगशाळेत ओळख करून दिली. “हा आपला पायलट. तुझ्या प्रयोगात ड्रोन हाच उडवणार.” धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

ड्रोनला घाबरणाऱ्या मुलीने ड्रोनवरच एम.टेक. करावं, हे आईलाही पटलं नव्हतं. “अगं, पालीला घाबरतेस म्हणून पालीवर पुस्तक लिहिशील का?” आई फोनवर म्हणायची. पण माणूस नेमका कुठे घाबरतो, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्रयोग साधा होता: जमिनीवरच्या फुलीवर माणसाने उभं राहायचं, ड्रोन एकाच गतीने समोरून जवळ येणार, भीती वाटली की हात वर करायचा. ती स्वतः मात्र जाड काचेमागे, जीव मुठीत धरून बसायची.

“एकदा तुम्हीही उभ्या राहा की,” पायलट चिडवायचा.

“मी संशोधक आहे. उंदीर नाही.”

“तेच म्हणतोय. तुम्ही उंदीर असतात, तर मी रोज दाढी करून आलो नसतो.”

ती लाजली आणि उगाचच कागद चाळत बसली.

मग एक दिवस ग्रंथालयातल्या मावशी फुलीवर आल्या, पर्स घट्ट धरून. ड्रोन निघाला, आणि पायलटचा रिमोटवरचा अंगठा हळूच मागे सरकला. ड्रोन मंदावला. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण ही हल्ली ड्रोनपेक्षा त्या अंगठ्यांकडेच जास्त बघायची. तिला ते दिसलं.

मावशी गेल्यावर तिने दार लावून घेतलं. “तुम्ही गती कमी केलीत?”

“त्या थरथरत होत्या...”

“आणि याआधी?”

“जे फार घाबरायचे... त्यांच्यासाठी.”

गती सारखी नसेल तर सगळी मोजमापं फुकट. सांगावं तर पदवी हातची जाणार, वर त्याचं कामही सुटणार. लपवावं तर प्रबंधच खोटा. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी ती मॅडमच्या खोलीत गेली, तर पायलट आधीच तिथे मान खाली घालून उभा! त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

“प्रयोग पहिल्यापासून करायचा,” मॅडम तिला म्हणाल्या. “मुदतवाढ मागू, मिळेल की नाही देव जाणे. आणि पायलट, पुन्हा अंगठा हलला तर काम बंद.”

बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, “रागावलात?”

“फार. चला, आज फुलीवर मी उभी राहते. समोरचा कितीही घाबरला तरी तुमचा अंगठा हलत नाही, हे मला बघायचंय. आणि माझ्याइतकं घाबरट इथे दुसरं कोणी नाही.”

ती उभी राहिली. घरघर सुरू झाली तशी तिची पाचावर धारण बसली. ड्रोन येत होता... जवळ... आणखी जवळ. वाऱ्याने केस उडाले. हात वर जायला धडपडत होता; तिने तो पाठीमागे घट्ट धरून ठेवला. आणि ड्रोन जागीच थांबला. मग हळूहळू जमिनीवर उतरला.

“मी कुठे हात वर केला?” तिने विचारलं.

“नाही केलात. मीच थांबलो.” त्याने रिमोट खाली ठेवला. “तुम्ही दुसरा पायलट बघा. तुम्ही समोर असताना माझा हात स्थिर राहणार नाही. तुम्ही मला... आवडता. फार आवडता. आणि जवळ यायची मलाच भीती वाटते.”

ड्रोनची पाती अजून गरगरत होती.

“मग तिथेच थांबा,” फुलीवरून पाय उचलत ती म्हणाली, “मी येते.”