जपानहून परतताना

वऱ्हाडातल्या मालेगावच्या बाजाराला आम्ही तिघं बैलगाडीतून गेलो होतो, माय, बाबा आणि मी. सासरहून महिनाभरासाठी आलेली लेक म्हणजे टोपल्या उचलायला फुकटचं माणूस, असं बाबा मला चिडवायचे. साल सदतीसचं, फाल्गुन संपत आला होता. त्या दिवशी आमच्या मळ्यातली वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या दुपारीच खपल्या, तशी मायनं घराकडची घाई सुरू केली.

पण बाबा सरकीच्या जुन्या गोदामापाशी थांबले. दारावर काळं कापड टांगलं होतं. काळ्या कोटातला एक किडकिडीत माणूस तिथं उभा राहून सांगत होता, "जपानची सफर. सहकुटुंब. संध्याकाळच्या आत परत." बाजारात सगळे खेळतमाशेवाले घसा फोडून ओरडतात. हा हळू बोलत होता आणि तरी ऐकू येत होता.

"चित्रं दाखवत असन भिंतीवर," माय म्हणाली. "चाला घरी."

"जपानी कापडाचा सदरा अंगावर घालतो मी. ते लोक कसे राह्यतात, पाहू तं दे एकदा!" बाबा म्हणाले. उभ्या जन्मात ते अकोल्यापलीकडे गेले नव्हते. मला त्यांची दया आली आणि मीच मायला आत ढकललं. ते अजून माझ्या मनाला डाचतं.

त्या माणसानं पैसे घेतले नाहीत. फक्त नावं विचारली. बाबांनी सांगितली, "मी चंपत, ही तुळसा, अन् ही लेक, गोजरा." त्यानं ती नावं तोंडातल्या तोंडात घोळवली. मग बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांच्या हातात त्यानं एकच लांब दोर दिला.

"सफर संपेपर्यंत दोर सोडायचा नाही," तो म्हणाला. "आणि परतताना घरच्या माणसानं नाव घेऊन हाक मारायची. हाक आल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

सगळे हसले. दार लागलं आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. मग समोरच्या पडद्यावर कंदिलाचा उजेड पडला. आधी बोट दिसली, मग नुसतं पाणी. कागदाच्या खिडक्यांची घरं आली, बर्फाचा डोंगर आला. चित्रं हलत नव्हती, पण सरकीचा तेलकट वास कधीच नाहीसा झाला होता. खारट, ओला, कुजकट असा काही वास येत होता. फाल्गुनातल्या भर दुपारी माझे पाय गारठले होते.

"माय, पाय गार पडले माहे..."

"चूप बैस," माय पुटपुटली. तिचेही दात वाजत होते.

शेवटचं चित्र एका पायवाटेचं होतं. दोन्ही बाजूंना उंच काळी झाडं आणि वाटेवर पाठमोरी माणसं. त्यांच्या हातात दोर होता. मी बारकाईनं पाहणार तोच उजेड गेला.

"परत चला," तो माणूस म्हणाला. "हाका मारा."

काळोखात हाका सुरू झाल्या. बाबांचा आवाज आला, "तुळसा! गोजरा! उठा, घर आलं." आम्ही दोघी उठलो आणि दोराच्या आधारानं दारापर्यंत आलो. आता बाबांना हाक मारायची होती.

"अहो... चाला," माय म्हणाली.

"नाव घ्या, बाई," तो माणूस म्हणाला.

नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मायला तिच्या आईनं शिकवलेलं. पंचवीस वर्षांत तिनं ते कधी घेतलं नव्हतं.

आतून बाबा म्हणाले, "घे ना वं. इथं कोण आपल्या वळखीचं हाय?"

"माह्या तोंडानं तुमचं आयुष्य कमी करू? मी नाई घेत."

"घे वं तुळसे... लय थंडी हाय इथं..."

हा आवाज बाकाच्या अंतरावरून आला नव्हता. खूप लांबून आला होता. बापाला नावानं हाक मारायला माझीही जीभ उचलेना. घाबरून मी ओरडले, "बाबा! बाबा, या ना!"

दोर ताणला गेला. कोणीतरी उठलं आणि सावकाश पावलं टाकत आमच्यापाशी आलं.

"बाबा म्हटलं की कोणी ना कोणी उठतंच," तो माणूस म्हणाला आणि त्यानं कापड बाजूला सारलं.

उन्हात पाहिलं तर बाबाच होते. तोच सदरा, त्याच मिशा. आम्ही दोघी हसलो, माय तर रडलीसुद्धा. गाडी जुंपताना मात्र बैल मागं सरले. बाबांनी लहानाचे मोठे केलेले बैल, पण त्यांना हात लावू देईनात.

आठ दिवसांत मायला कळलं. ते काम करत, जेवत, विचारलं तर बोलत. पण शेजारच्या मळ्यातले उत्तमराव बांधावरून "चंपत, ए चंपत!" म्हणून ओरडले तरी ते मान वळवत नसत. "बाबा" म्हटलं की लगेच पाहत. पुढच्या बाजारी माय आणि मी त्या गोदामावर गेलो. दाराला गंजलेलं कुलूप होतं. राखणदार म्हणाला, "दिवाळीपासून उघडलंच नाई हे."

त्या रात्री माय माझ्या कुशीत शिरून रडली. "आयुष्य वाचवाले गेली अन् माणूसच तिकडं ठेवून आली," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जन्मात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. "चंपतराव! घरी चाला!"

आंब्याखाली ते भाकरीबरोबर कांदा खात होते. "कोणाले बोलावून राह्यली?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात ओ आली. अगदी बारीक, पाण्यापलीकडून यावी तशी. तो आवाज बाबांचा होता.

तेव्हापासून माय रोज हाक मारते आणि रोज ओ थोडी जवळून येते. परवा ती नाल्यापलीकडून आली. काल बांधाच्या मागून आली, आणि तिच्याबरोबर तो खारट वासही आला.

आंब्याखालचं माणूस उठलं. त्यानं मळ्याचं फाटक ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून ते उभं राहिलं. मायकडे त्यानं पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आता मी कोठं जाऊ, गोजरा?" ते म्हणालं. "मले तं तूच बोलावलं होतं."