न वाजवता नेलेला कप

बसा जरा, चहा येऊन राहिलाय. तवर मृण्मयीची गोष्ट सांगतो. मजा न्हाई आली तर खुशाल उठून जावा.

ही उमरीच्या लक्ष्मणरावांची लेक. नांदेडात विम्याच्या ऑफिसात पंख्याखालची नोकरी. दिली सोडून! मुदखेडला ठेसनासमोर दुकान घेतलं, मागं भट्टी लावली, आन चिनी मातीचे कप, बरण्या घडवू लागली. बाप म्हणला, "तुझी मडकी कुत्रं इचारणार न्हाई."

एक दिवस गाडी लेट झाली, म्हणून एक पोरगा दुकानात शिरला. आलोक, लातूरकडचा मास्तर. कप उचलला, हिच्याकडं बघितलं... आन पैसे देऊन गेला.

हिला शक आला. आपल्याकडं साधा माठ घेताना बी माणूस टिचकी मारतो, कान लावतो. ह्यानं एक बी मारली न्हाई! पुन्हा आला — पुन्हा तसंच. कीव येऊन बापानंच धाडला असणार! आन तसं असंल तर आपल्या हातात कला न्हाई, मुकाट ऑफिसात जाऊन बसावं... जीव नुसता टांगणीला.

पुढच्या खेपेला हिनं मुद्दाम बारीक तडा गेलेला कप बांधून दिला. खरं गिऱ्हाईक असंल तर भांडाया येईल.

आला. हसत!

"कप कसा निघाला?"

"झकास. चहा लई गोड लागतो बगा."

"गळत न्हाई?"

"...थोडा. खाली बशी धरतो."

"खरं सांगा, बाबांनी धाडलंय तुमाला?"

"कोण बाबा? आवं, मला कप बी नको हायेत. खोलीत ठेवाया जागा न्हाई."

"मग येता कामून?"

मास्तरानं मान खाली घातली. "तुमच्या गालाला माती लागलेली असती... ती बघाया."

लाजली म्हणता? भडकली! "म्हंजे कामाकडं बघितलंच न्हाई? आता फळीवरचा एक एक वाजवा. खरं बोला, न्हाईतर पुन्हा पायरी चढू नका."

आलोकनं टिचकी मारली, कान लावला... "हा बद्द वाजतो." दुसरा घेतला... "ह्याच्या कानात बोट जात न्हाई." तिच्या लाडक्या निळ्या बरणीला बी सोडलं न्हाई — "झाकण हलतंय." पोरीचं तोंड उतरत चाललं. मग त्यानं एक साधा राखाडी कप उचलला. वाजवला. पुन्हा वाजवला.

"हा... हा तुमी दुकानात नसता तरी घेतला असता."

तवा कुठं लाजली बगा. "गाडी चुकंल तुमची."

"चुकू द्या."

आता दोघांचं पक्कं हाय, पण लक्ष्मणराव अडून बसलेत. म्हणत्यात, "नोकरी सोडलेल्या पोरीला मास्तर आपनहून मागणी घालतो? काईतरी काळंबेरं हाय!" तुमचा शब्द ते खाली पडू देत न्हाईत. चहा संपवा, आन चला की माझ्यासंगं उमरीला...