नाल्यात पुढे चालणारा माणूस

ही घडलेली गोष्ट आहे. माधवी आजही मेळघाटात वनरक्षक आहे, म्हणून तिचं आडनाव आणि गावाचं नाव सांगत नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. धारणीकडचं जंगल.

आणि वेळ भर दुपारची. रात्र नव्हती... म्हणूनच विसरता येत नाही.

महिनाभर सागाची चोरी चालली होती. माधवी पोचेपर्यंत चोर पसार झालेले असायचे. आतलंच कुणीतरी खबर देत होतं. तिचा संशय होता सहदेववर. तिच्यासोबत गस्तीला येणारा वनमजूर.

त्या दुपारी ती कॅम्पवरून निघाली, तर सहदेव आधीच नाल्याच्या तोंडाशी उभा.

"चला, मॅडम," एवढंच म्हणाला आणि पुढे चालू लागला.

एरवी त्याची बडबड थांबत नसे. आज मात्र गप्प.

काहीतरी लपवतोय, तिला वाटलं.

वाटेवर सागाच्या वाळक्या पानांचा थर होता. तिच्या बुटांखाली पानं चरचर वाजत होती.

सहदेवच्या पायांखाली... काहीच नाही.

चोरपावलांची सवय दिसते, ती मनात म्हणाली.

एरवी या नाल्यात वानरांचा गोंधळ असतो. आज एकही नाही. पाखरूसुद्धा बोलेना.

"सहदेवभाऊ, कुठी नेऊन राहिले मले?"

"आलंच, मॅडम."

त्यानं मान वळवली नाही.

तेवढ्यात तिच्या कमरेचा वायरलेस खरखरला...

"मॅडम, सहदेव बोलून राहिलो, कॅम्पवरून. तुमी एकट्याच काहून निंगाल्या?"

माधवी जागीच थिजली.

पुढचा माणूसही थांबला.

तोच आवाज. तीच ढब.

"मॅडम," तो पाठमोराच, हळू म्हणाला, "थ्याले उत्तर देऊ नका."

माधवी पळाली. काट्यांनी हात फाटले तरी थांबली नाही.

मागून हाक आली... "मॅडम, मले सोडून जाऊ नका!"

तिनं वळून पाहिलं नाही.

कॅम्पच्या दारात सहदेव पाण्याचा गिलास घेऊन उभा होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऊन लागलं असन, मॅडम."

त्या दिवसापासून त्या भागात एकही झाड पडलं नाही.

पुढच्या आठवड्यात सहदेवची बायको माया धारणीहून कॅम्पवर आली. सहदेव पाणी आणायला गेलेला पाहून तिनं माधवीला बाजूला घेतलं.

"मॅडम, रागावू नका. एक विचारतो."

"विचार ना."

"घरी आलेला माणूस हासते, बोलते, जेवते. सारं बराबर करते." मायानं एकदा पाण्याच्या वाटेकडे पाहिलं. "पण माह्या माणसाले तुमी जंगलात कुठी सोडलं?"



वायरलेसवरचा खरा, हे त्या क्षणी तिनं कशावरून ठरवलं?

आजही सहदेव तिच्यासोबत गस्तीला जातो. ती त्याला पुढे चालू देत नाही.

आणि मागे ठेवायची... हिंमत होत नाही.