वाळूची वाट

ब्रेक नवे होते. मग गाडी थांबली का नाही?

वर्षभर किमयाच्या डोक्यात हाच एक प्रश्न भुणभुणत होता. तिचे बाबा, रामहरी खिलारे, काळभुईच्या घाटात ट्रकसकट दरीत गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. तपासणीत निघालं, की ब्रेक आठच दिवसांपूर्वी बदललेले. झालं, लोकांना तेवढंच हवं होतं. कुणी म्हणालं डुलकी लागली असेल, कुणी म्हणालं प्यायला असेल. बाबा दारूला शिवतसुद्धा नव्हते. पण शाळेत एका मुलीने तोंडावर विचारलं, तेव्हा किमया दप्तर घेऊन तडक निघाली. ती घरी येऊन मोरीत बसून रडली होती.

आता घरची दुसरी गाडी आई चालवायची. आज शाळेला सुट्टी, म्हणून किमया तिच्यासोबत निघाली होती. मागे फरशीच्या लाद्या खच्चून भरलेल्या. माल आणि गाडी मिळून तीस टन वजन. आणि समोर काचेखाली बसवलेला तात्या.

तात्या म्हणजे काही कुणी म्हातारा नव्हे. २०४१ साली प्रत्येक मालट्रकमध्ये एक सहचालक यंत्र बसवणं सक्तीचं झालं होतं. चाकं किती तापली, उतार किती, वेग किती, सगळ्यावर त्याची नजर. आणि तोंडाला खळ म्हणून नाही. म्हणून तर चालकांनी त्याला तात्या म्हणायला सुरुवात केली. घाटमाथा आला, की बडबड ऐकू येऊ नये म्हणून त्याच्यावर पंचा टाकायचा आणि आपल्या मर्जीने खाली उतरायचं, अशी सगळ्यांची रीत. याला ते ‘तात्याला निजवणं’ म्हणत आणि खो खो हसत. खिलाऱ्यांचा हा तात्या बाबांच्या मोडक्या गाडीतून सोडवून, दुरुस्त करून गेल्याच आठवड्यात इथल्या बिघडलेल्या यंत्राच्या जागी बसवला होता. शेवटच्या दिवशी तोच काय तो बाबांसोबत होता.

दुपारी बाराच्या सुमाराला आईने घाटमाथ्यावर गाडी उभी केली आणि चाकं तपासायला ती खाली उतरली. हीच संधी साधून किमयाने विचारलं, “तात्या, खरं सांग. बाबा झोपले होते का?”

“नाही,” तात्या म्हणाला. “टक्क जागे होते. पाय ब्रेकवर होता.”

“मग?”

“आधी एक सांग. ही गाडी इथवर चढवायला आपण डिझेल जाळलं. ती ऊर्जा गेली कुठे?”

“संपली.”

“ऊर्जा संपत नाही, किमया. ती नुसतं रूप बदलते. आत्ता ती या गाडीतच आहे. तिला स्थितिज ऊर्जा (उंचीवर असल्यामुळे वस्तूत साठलेली ऊर्जा) म्हणतात. गाडी खाली सुटली की तिची गतिज ऊर्जा (वस्तू हलत असल्यामुळे तिच्यात असलेली ऊर्जा) होते. आपल्याला वेग वाढू द्यायचा नाही, म्हणून आपण ब्रेक दाबतो. चाकाच्या आत एक लोखंडी डबा फिरत असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेकचे पट्टे त्याला आतून घासतात. घर्षण (एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांचा विरोध) झालं की काय होतं?”

किमयाने नकळत तळहात एकमेकांवर चोळले. “गरम होतं.”

“हा घाट सहाशे मीटर उंच आहे. तीस टन वजन इथून खाली नेताना जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात पाचशे लिटर गार पाणी उकळायला लागेल. ती सगळी त्या ड्रममध्येच कोंबली तर? पट्टे जळायला लागतात, त्यांची पकड सुटते. लोखंड तापून फुगतं आणि पट्ट्यांपासून लांब सरकतं. मग पाय कितीही दाबा. नवा ब्रेक आणि जुना ब्रेक, दोघांचं सारखंच.”

किमया म्हणाली, “पण रोज इतक्या गाड्या उतरतात की.”

“ज्या धड उतरतात, त्या खालच्या गिअरमध्ये उतरतात. खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला पुष्कळ फेरे मारावे लागतात. डिझेल बंद, तरी चाकं त्याला ओढून फिरवतात. इंजिन आतली हवा दाबत, कुरकुरत चाकांना अडवून धरतं, आणि बरीचशी उष्णता धुराच्या नळीतून बाहेर जाते. ब्रेकला अधूनमधून पाय टेकवला की पुरे. तुझ्या बाबांनी गिअरच काढला होता. न्यूट्रल. डिझेल वाचतं, अ‍ॅव्हरेज चांगलं पडतं, म्हणून निम्मे चालक तेच करतात. मी पंच्याखालून ओरडत होतो.”

बाबा प्यायलेले नव्हते. झोपलेले नव्हते. त्यांनी चूक केली होती, आणि ती सगळ्यांच्या सवयीची होती. किमयाला हलकंही वाटलं आणि भयंकर रागही आला.

इतक्यात आई वर चढली. “विमलताई, दुसरा गिअर टाका,” तात्या म्हणाला.

“तिसरा पुरे. काल तिसऱ्यातच उतरले मी.”

“काल गाडी रिकामी होती.”

मागून एका बसने हॉर्नवर हॉर्न लावला होता. आईने तिसरा टाकला आणि गाडी सोडली.

पहिली चार वळणं निभावली. पाचव्यानंतर उतार अंगावर आला. इंजिन किंचाळायला लागलं, आई ब्रेक दाबून दाबून वेग आवरू लागली. केबिनमध्ये जळका वास शिरला. मग तिने क्लच दाबून दुसरा गिअर टाकायला दांडा ओढला. खर्रर आवाज झाला, पण गिअर पडेना. तिसराही परत लागेना. गाडी मोकळी सुटली.

“ड्रम साडेतीनशे अंशांवर,” तात्या म्हणाला. “गिअर शोधू नका, आता लागणार नाही. चारशे मीटरवर डावीकडे सुटकेची वाट आहे.”

ती वाट म्हणजे रस्त्याला फुटलेला एक चढ होता, भुसभुशीत वाळूने भरलेला. चाकं त्यात रुततात, वाळू ढकलण्यात गाडीची ऊर्जा खर्च होते आणि गाडी थांबते. बांधून सहा वर्षं झाली होती. पण तिच्यात गाडी घालणाऱ्याला जन्मभर ‘वाळूवाला’ म्हणून चिडवत.

“ब्रेक अजून लागतायत थोडे,” आई दातओठ खात म्हणाली. “वाळूत घातली तर हसतील सगळे. म्हणतील, बाईच ती. पुढच्या वळणापर्यंत धरते मी.”

“रामहरी हेच म्हणाला होता,” तात्या म्हणाला. “अगदी इथेच. ‘हसतील सगळे, पुढच्या वळणापर्यंत धरतो.’ त्यानंतर तो काही बोलला नाही.”

आईने एकदा किमयाकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती. डावीकडे पिवळा फलक दिसला आणि आईने स्टिअरिंग फिरवलं.

धाडकन आवाज झाला. काचेवर वाळूचा मारा झाला, मागे लाद्या फुटल्या, सीटचा पट्टा किमयाच्या खांद्यात रुतला. मग गाडी घसटत, धापा टाकत उभी राहिली. चाकं निम्मी वाळूत होती.

आई किमयाला छातीशी धरून हमसून हमसून रडली. “एवढंच करायला हवं होतं गं त्यांनी,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “एवढंच.”

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. “तात्या, घाटातल्या सगळ्या गाड्यांना माझा आवाज लाव.” आणि ती म्हणाली, “मी विमल खिलारे. गिअर चुकला माझा. गाडी वाळूत घातली. मी आणि माझी मुलगी जिवंत आहोत.”

पलीकडे कुणीतरी फिदीफिदी हसलं. “बाई वाळूवाली,” असंही ऐकू आलं. आईने मान खाली घातली नाही.

मग दुसरा एक आवाज आला, जरा दबका. “ताई, मी वर माथ्यावर आहे. दोन वर्षं उतरतोय इथून, पण ही वाट कधी नीट बघितली नाही. कितव्या वळणानंतर लागते?”

आई सांगणार, तोच किमया पुढे झुकली.

“पाचव्यानंतर, काका. डाव्या हाताला. पण आता तिच्यात आम्ही आहोत. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये या. आणि तात्यावरचा पंचा काढा.”