घासलेली कड

भूकंपानंतर नवव्या दिवशी तो आमच्या दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. चष्म्यांच्याच दुकानात असं यायला हिंमत लागते!

"पालिकेचा इंजिनिअर आहे. तडा कुठे आहे?"

"तुमच्या नाकासमोर."

तो लाजला... आणि कामाला लागला. तड्यावर त्याने काचेची एक पट्टी आडवी चिकटवली, पेन्सिलीने तारीख घातली. "तडा वाढला तर ही तुटेल. महिनाभर टिकली तर पिवळा कागद, म्हणजे दुरुस्ती. तुटली तर लाल."

"लाल म्हणजे?"

"इमारत पाडायची."

खाली दुकान, वर घर. बाबांची चाळीस वर्षं या भिंतींत गेलेली.

"नाही तुटणार," मी म्हटलं. "आता तो चष्मा काढा. अर्धवट दिसणाऱ्या माणसाचा निकाल मला मान्य नाही."

मग तो दर दोन दिवसांनी यायला लागला. पट्टी बघायला अर्धं मिनिट पुरतं. तो अर्धा तास थांबायचा.

"आज भिंत फार बोलतेय वाटतं?" मी विचारायची.

"भिंत नाही... भिंतीची मालकीण."

पट्टी लावल्याच्या एकोणिसाव्या दिवशी दुपारी पुन्हा जमीन हलली. मी मैदानावरच्या तंबूंत चष्मे पोचवायला गेले होते. धावत परतले. पट्टी अखंड! आनंदाने मी तिच्यावरून बोट फिरवलं, आणि बोट तिथेच थांबलं.

त्याची पट्टी कापल्या कापल्या लावलेली होती, बोटाला खरचटायची. ही मात्र कडेने गुळगुळीत होती. बाबांना काचेची कड घासल्याशिवाय हातातून सोडता येत नाही. चोरी करतानासुद्धा नाही.

"बाबा?"

"तारीख अगदी तशीच घातलीय," ते मान वर न करता म्हणाले. "त्याला काय कळतंय!"

तासाभराने तो आला, धापा टाकत. "टिकली! मला वाटलंच होतं!" इतका खूश झाला होता की मला पाहवेना. आणखी अकरा दिवस मी गप्प बसायचं, की पिवळा कागद हातात. त्या कागदावर सही त्याची असणार होती. भिंत पडली तर खाली बाबा असणार होते.

"कडेवरून बोट फिरवा," मी म्हटलं.

त्याने फिरवलं. सहाणेवर काच घासणारा बाबांचा हात क्षणभर थांबला.

"गप्प राहिला असतात तर..." तो मला म्हणाला.

"तर तुम्ही फसला असतात. लावा लाल कागद. पण इमारतीलाच लावा, आम्हाला नाही."

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या चौकात टेबल मांडलं, दिव्याच्या खांबाला अक्षरांचा तक्ता टांगला. भूकंपात अर्ध्या शहराचे चष्मे फुटले होते. नऊच्या आत रांग कोपऱ्यापलीकडे गेली. मग बाबा आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "तक्ता वाकडा लावलायस."

रांगेत तोही होता. चाळीस मिनिटं उभा राहून पुढे आला.

"काय त्रास?" मी विचारलं.

"डोळे ठीक आहेत. बोलायचं होतं... इथं सगळे रांगेनेच येताना दिसले."

"बोला."

"माझी बदली झालीय, नदीपलीकडे. तिकडे अजून तीनशे भिंती आहेत. आता इकडे यायला मला कारण उरलं नाही. आणि मला तर... रोज यायचंय."

मागच्या काकू कडाडल्या, "अहो, लवकर आटपा! आम्हाला एवढ्या लांबून काही दिसत नाहीये!"

माझे कान तापले. समोर आमच्या घराचं छप्पर उतरवत होते; कौलं एकेक करून खाली येत होती. मी मुद्दाम तिकडे पाठ केली नाही.

"नकाशा काढता येतो?"

"कसला?"

"त्याच जागेवर नवीन इमारत. तिथून आम्ही हलणार नाही. खाली दुकान, वर घर. कितीही हादरे बसले तरी उभी राहील अशी."

"येतो. वर किती माणसांचं घर?"

"तिघांचं."

"तुम्ही, बाबा आणि...?"

"इंजिनिअर ना तुम्ही? मोजा," मी म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला.